तिवराच्या मुळांचं इंग्रजी नाव

खाडीचं पाणी ओसरलं की तिवराच्या झाडांखालचा चिखल उघडा पडतो आणि त्यातून वीतभर उंचीची मुळं सरळ वर आलेली दिसतात. कोणी हजारो पेन्सिली चिखलात खोचून ठेवाव्यात तशी. लहानपणी माहेरी, मसुऱ्याला, मी आईबरोबर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचे तेव्हा ही मुळं पायाला टोचायची. "टाच टेकू नको, चवड्यार चल," आई म्हणायची. माझी त्या मुळांशी ओळख एवढीच. त्यांना वेगळं नाव असेल असं मनातही आलं नव्हतं. पन्नाशीच्या जवळ आल्यावर त्यांचं इंग्रजी नाव शिकायची वेळ माझ्यावर आली. ती हकिकत इथे लिहून ठेवते.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पाचवीची शाळा लांब होती आणि घरी माझ्या पाठची दोन भावंडं सांभाळायची होती, त्यामुळे इंग्रजी माझ्या वाट्याला आलंच नाही. मराठी वाचायची सवय मात्र सुटली नाही. वाचनालयातली पुस्तकं आणून वाचते, आणि पुस्तक नसेल तेव्हा वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचते. मनात येईल ते वहीत लिहिते. पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. माझ्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी इतका वेळ गप्प उभी राहिले की शेवटी नणंदेने माझ्याऐवजी उखाणा घेतला, आणि सवयीने आपल्याच नवऱ्याचं नाव घालून मोकळी झाली. माझ्या नवऱ्याचं नाव त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

आता आम्ही आरोंद्याला असतो. इथल्या आठ बायकांचा आमचा गट आहे आणि आमच्या दोन होड्या आहेत. बाहेरून येणाऱ्या लोकांना आम्ही खाडीतून, कांदळवनातून फिरवून आणतो. प्रत्येक होडीत दोघी वल्हवायला आणि एक बाई नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, लोकांकडे तोंड करून बसलेली. ती झाडांची, पक्ष्यांची माहिती सांगते. मी आणि माझी धाकटी जाऊ दोन वर्षं वल्ह्यावर होतो. आमच्या होडीवर माहिती सांगायचं काम गटाच्या प्रमुख बाईंकडे होतं. त्या बोलायच्या छान, हसून, हातवारे करून. पण चिप्पीच्या झाडाला तिवर म्हणायच्या आणि कांदळाच्या शेंगेला फळ म्हणून पुढे जायच्या. मी मागे वल्हं मारत असायचे आणि खरं काय ते माझ्या तोंडात येऊन थांबायचं. मला नाळेवर बसायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग त्या प्रमुख बाई नातवाला सांभाळायला मुलाकडे गोव्याला जायला निघाल्या. दुसऱ्या होडीवर सांगणारी बाईही गुडघ्यांमुळे थांबली. त्याच सुमारास वनखात्याकडून निरोप आला की यापुढे नाळेवर बसणाऱ्या बाईने आधी चाचणी द्यायची. बाहेरच्या लोकांना घेऊन एक फेरी मारायची, सगळी माहिती सांगायची, आणि कॉलेजची मुलं येतात म्हणून काही इंग्रजी नावंही नीट सांगायची. जमलं तर गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळणार. नाही जमलं तर बाहेरून शिकलेला माणूस आणून नाळेवर बसवणार आणि आम्ही फक्त वल्हवायचं.

बैठकीत विचारलं, कोण तयार आहे? एका दहावी झालेल्या बाईने लगेच हात वर केला. मी चटईच्या काड्या मोजत बसले होते. तेवढ्यात माझ्या शेजारून जाऊ म्हणाली, "आमच्या वयनीचां नाव घाला."

मी तिला कोपराने ढोसलं. ती हलली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कित्याक गो घातलंस माझा नाव? माका बोलूक येता?"

"येता मां," ती म्हणाली. "दोन वर्सां माझ्या म्होरे बसान पुटपुटतंस. त्या बायने तिवर म्हटलां काय तू बारीक आवाजात म्हणतंस, चिपी गो ती, चिपी. माका सगळां ऐकाक येता. आता जरा मोठ्यान पुटपुट."

शिकवायला आलेली मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या कसालची होती. माझ्या मुलीच्या वयाची, कॉलेजात झाडांचाच अभ्यास केलेली. शाळेच्या पडवीत फळा लावून ती शिकवायची. शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायची, पण वैतागली की कसाल बाहेर यायचं. चाचणी आम्हा दोघींचीच होती, तरी गटात उरलेल्या सातहीजणी येऊन बसायच्या. दुपारच्या चहाला तेवढीच गंमत.

झाडांची माहिती मला नवी नव्हती. पहिल्या दिवशी मॅडमने विचारलं, तिवराच्या पानाला मीठ का असतं, तर मी जावेच्या कानात उत्तर दिलं आणि तिने ते मोठ्याने सांगितलं. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मॅडमने फळ्यावर तिवराच्या मुळांचं चित्र काढलं आणि खाली इंग्रजीत एक नाव लिहिलं. ते फळ्याच्या एका टोकापासून निघालं आणि दुसऱ्या टोकाला पोचता पोचता अक्षरं बारीक झाली.

"एवढ्याशा मुळाक एवढां नाव?" जाऊ म्हणाली. "बारसां कोणी केलां?"

मॅडमने ते वाचून दाखवलं: न्यूमॅटोफोर. पुन्हा वाचलं. मग दहावीवाल्या बाईला वाचायला सांगितलं. तिला इंग्रजी अक्षरं येत होती, आणि तिथेच तिची पंचाईत झाली. नावाच्या सुरुवातीला 'प'चं अक्षर होतं. "प्न्यू," ती म्हणाली. मॅडमने सांगितलं की तो प लिहायचा असतो, बोलायचा नसतो. तिने मान डोलावली आणि पुन्हा "प्न्यू" म्हणाली. डोळ्यांना दिसतोय तो प तोंडाने कसा गाळायचा हे तिला दोन दिवस जमलं नाही. माझ्यासाठी फळ्यावर नुसती नक्षी होती. मला कानाने ऐकलं तेवढंच घ्यायचं होतं. आपलं अडाणीपण कुठे उपयोगी पडेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, पण त्या दोन दिवसांत पडलं.

मॅडमने देवनागरीत खाली चार चौकोन काढले आणि एकेका चौकोनात एकेक तुकडा लिहिला. न्यू. मॅ. टो. फोर. "लांब शब्द आला की घाबरायचं नाही. तो एका दमात गिळायचा नसतो. तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात तोंड एकदा उघडतं. हनुवटीखाली हात धरून बघा."

आम्ही सातजणी हनुवटीखाली हात धरून बसलो. न्यू, मॅ, टो, फोर. हनुवटी चार वेळा हातावर आली. शाळेतून घरी चाललेली मुलं पडवीशी थांबून बघायला लागली, तेव्हा मी हात खाली घेतला.

तुकडे मला लगेच आले. अडचण पुढे होती. मॅडम म्हणाली, "तुम्ही पाढे म्हटल्यासारखं म्हणताय. सगळे तुकडे सारखे. मराठीत ते चालतं. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर येतो आणि बाकीचे हलके होतात. इथे जोर मॅवर आहे. न्यूमॅटोफोर."

मी म्हटलं. तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. पाचव्या वेळेला ती खडू ठेवून म्हणाली, "गो बाय, मॅर दाब मां. टो आणि फोर आपल्या पायान येतले, तेंका कित्याक उचलून घेतंस?"

ते ऐकल्यावर मला आमची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, आठवली. पूर्वी पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून तरीवाल्याला हाक मारावी लागायची, "तारयाऽऽ". त्यातला पहिला 'ता' आपल्या पायाशीच पडतो. पाण्यावरून पलीकडे जातो तो 'या'. हाक मारणारा सगळा जीव त्या एकाच अक्षरात घालतो, आणि तेवढ्याने तरीवाला उठतो. मी मनात म्हटलं, मॅ पलीकडच्या काठावर गेला पाहिजे, बाकीचे इथेच राहिले तरी चालतील. आणि म्हटलं.

"ह्यां बरां," मॅडम म्हणाली.

मग तिने अर्थ सांगायला तोच शब्द पुन्हा कापला, पण आता चारच्या जागी दोनच तुकडे केले. न्यूमॅटो म्हणजे हवेचं, वाऱ्याचं. फोर म्हणजे वाहून नेणारा. दोन्ही शब्द मूळचे ग्रीक, इंग्रजांनी तिथून आणलेले. हवा वाहून नेणारा, तो न्यूमॅटोफोर. मी गोंधळले. मघाशी चार तुकडे केले होते, आता दोन कसे? जोर असलेला मॅ तर पहिल्या तुकड्याच्या पोटात गेला. खरे तुकडे कुठले? विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून जावेच्या कानात सांगितलं.

तिने विचारायच्या ऐवजी मलाच उत्तर दिलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वयनी, तू बांगडो कढयेक कसो कापतंस? आडवो. आणि सुकत घालूक? उभो फाडतंस. बांगडो एकच मां? ह्यां तसांच. बोलूक कापाचां वेगळां, समजूक फाडाचां वेगळां."

मॅडम हसायची थांबेना. म्हणाली, हे मी कॉलेजात सांगणार.

पण जावेचं समाधान झालं नव्हतं. "मॅडम, ह्यो न्यूमोनियाचो कोण?"

"नात्यातलाच," मॅडम म्हणाली. "न्यूमोनिया फुप्फुसावरून आलाय. फुप्फुस आणि हवा. सख्खा भाऊ नव्हे, चुलत म्हणा."

माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस मी तिला घेऊन दवाखान्यात बसले होते. येईल त्याला तो शब्द सांगत होते, आणि एकदाही अडखळले नव्हते. त्याचेही तुकडे होतात, त्यातही कुठेतरी जोर असणार, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन चुलीपुढे मी तो हळूच म्हणून बघितला. न्यू-मो-नि-या. आमच्या तोंडात तो सगळा सपाट झाला होता. मुलगी आता तिच्या मुलांना ओरडते तेव्हा खाडीपलीकडे ऐकू जाईल असा तिचा आवाज आहे. फुप्फुसं नीट बरी झाली म्हणायची.

एकटी असताना मला शब्द यायला लागला. भाकरी थापताना यायचा, विहिरीवर यायचा. पण समोर माणूस आला, अगदी नवरा आला, तरी न्यूमॅपर्यंत जायचा आणि टोफोर घशात परत जायचा. नवरा जाळं शिवता शिवता म्हणाला, "हिचां बोलणां ऐकूक माका पंचवीस वर्सां लागली. ही आता इंग्रजीत बोलतली."

चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हा मी जावेला सांगितलं की माझं नाव काढ. आम्ही सकाळी रिकामी होडी धक्क्यावर न्यायला निघालो होतो. ती मागे वल्ह्यावर, मी पुढे. तिने आणखी एक वल्हं मारलं. मग म्हणाली, "आपलो देवळातलो म्हातारो गाऱ्हाणां घालता तेव्हा केदो वेळ बोलता?"

"घालता बरोच वेळ."

"सगळे देव, सगळ्या वाड्ये, मुंबयचे चाकरमानी, कोणाची नोकरी, कोणाचां लगीन. एकदाव अडाकना नाय. कित्याक सांग."

मी म्हटलं, त्याला सवय आहे.

"सवय खरी. पण तो वायच बोलता आणि लोक काय म्हणतत? व्हय म्हाराजा. तेवढ्यात तो श्वास घेता आणि म्होरचां आठवता. लोक गप रवले तर तोव अडाकतलो. तू बोल. मी म्हणतंय."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते असंच. एकजण मागणं सांगत जातो आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला जमलेले सगळे एका सुरात हुंकार भरतात. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. हुंकार मात्र भरतात, मीही भरते. गर्दीत मिसळून दोन शब्द मोठ्याने म्हणायची माझी तेवढीच हिंमत.

आजूबाजूला कोणी नाही बघून मी म्हटलं, "न्यू."

"व्हय म्हाराजा," मागून आलं.

"मॅ."

"व्हय म्हाराजा."

टो आणि फोर कसे आले ते कळलंच नाही, कारण मला हसू यायला लागलं होतं. एक बगळा उडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं, तिसऱ्या दिवशीही. मग मी सगळं नाव एका श्वासात म्हणायचे आणि ती शेवटी एकदाच हुंकार द्यायची. पुढे नुसतं नाव राहिलं नाही. तिवर पान कसं खारवतं, कांदळाची शेंग झाडावर असतानाच कशी रुजते आणि मग खाली पडून चिखलात उभी कशी राहते, हे सगळं मी तिला सांगायचे आणि ती वल्हं मारता मारता हुंकार भरायची. आठ दिवस रोज सकाळी. आम्हाला दोघींनाही त्याची इतकी सवय झाली की घरी मी "मीठ दी गो" म्हटलं तरी ती "व्हय म्हाराजा" म्हणून मीठ द्यायची.

चाचणी ओहोटीच्या वेळेला ठेवली होती, म्हणजे मुळं दिसतील. तपासायला आलेल्या बाई मुंबईहून आल्या होत्या. चष्मा, टोपी, मांडीवर फाईल. त्यांच्यासोबत आमची मॅडम आणि गोव्याहून आलेली कॉलेजची चार मुलं-मुली. सगळ्यांनी फुगीर जाकिटं घातली. मी नाळेवर, लोकांकडे तोंड करून बसले. या जागेवरून होडी पहिल्यांदाच बघत होते. सगळे डोळे आपल्याकडे असतात, हे मागे बसून लक्षात येत नाही. वल्ह्यावर जाऊ आणि गटातली आणखी एकजण होती.

मी नमस्कार केला. होडी निघाली. "हे तिवर," मी म्हटलं. बऱ्याच वेळाने म्हटलं, "ही चिप्पी." मुलं खंड्या पक्ष्याचे फोटो काढत होती. तपासणाऱ्या बाईंनी फाईलमध्ये काही लिहिलं, आणि मी तर लिहिण्यासारखं काही बोललेच नव्हते. मॅडम डोळ्यांनी खुणा करून थकली आणि पाण्याकडे बघायला लागली. मला वाटत होतं, झालं, आता परत वळूया, आपलं वल्हं बरं.

तिवरांच्या आत पोचल्यावर जावेने वल्हं चिखलात रोवून होडी थांबवली. दोन्ही बाजूंना मुळं उभी होती. बाई म्हणाल्या, "ही काय आहेत? कॉलेजच्या मुलांना तुम्ही काय म्हणून सांगाल?"

मी म्हटलं, "न्यू," आणि सरावाच्या पहिल्या दिवसांच्या सवयीने श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा," वल्ह्यावरून खणखणीत आवाज आला.

सगळी माणसं वल्ह्यांकडे वळली. मी बघितलं तर जाऊ जाकिटाच्या गळ्यात तोंड खुपसून बसली होती, नुसते डोळे वर. दुसरी वल्हवणारी पलीकडे तोंड करून खांदे हलवत होती. मॅडमने कपाळाला हात लावला होता.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ज्या सांगू शकल्या असत्या त्या तिघींनाही हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "गाऱ्हाणं, मॅडम."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मी सांगितलं. देवळात एकजण मागणं मांडतो, लोक हुंकार भरतात. मला हा शब्द येत नव्हता, लोकांसमोर तर अजिबात येत नव्हता, म्हणून आम्ही दोघी आठ दिवस असा सराव करत होतो. ती प्रत्येक तुकड्याला हुंकार देते, तेवढ्या वेळात मी श्वास घेते. आज इथे करायचं नव्हतं, पण सवय लागली. एवढं सांगून मी मुळांकडे बघितलं आणि पुढचं आपोआप आलं. "या मुळांचंही तेच काम आहे, मॅडम. भरतीला झाड अर्धं बुडतं. खाली चिखलात हवा नाही. म्हणून ही मुळं वर डोकं काढतात आणि ओहोटीच्या वेळी झाडासाठी श्वास घेऊन ठेवतात. न्यूमॅटो म्हणजे हवेचं, फोर म्हणजे वाहणारा. न्यूमॅटोफोर."

मॅ पलीकडे जाऊन झाडीतून परत आला की काय असं मला वाटलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पुन्हा एकदा म्हणा. तुकडे करून. मुलांना लिहून घेता येईल."

मी म्हटलं, "न्यू." जाऊ घाबरून गप्प बसली. तेव्हा गोव्याच्या मुलांमधली एक मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "होय म्हाराजा." त्यांच्याकडेही असंच घालतात गाऱ्हाणं. मग पुढच्या तिन्ही तुकड्यांना चौघांनी सुरात हुंकार दिला, आणि शेवटच्याला मॅडमनेही. तपासणाऱ्या बाईंनी मात्र दिला नाही. त्या लिहीत होत्या.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. कांदळाची शेंग दाखवली, खेकड्याची बिळं दाखवली, कालवं कुठल्या दगडाला बसतात ते सांगितलं, चवड्यावर कसं चालायचं ते एका मुलीला होडीतच करून दाखवलं. चिप्पीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळी त्यांचे तंतू पाण्यावर पडलेले दिसतात, हे सांगताना होडी धक्क्याला लागली तरी माझं चालूच होतं. जावेने दोर बांधला आणि म्हणाली, "वयनी, उतराक दी तेंका."

सगळे उतरल्यावर तपासणाऱ्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. माहिती चांगली आहे, त्या म्हणाल्या, उच्चार व्यवस्थित आहे. "पण एक गोष्ट सुधारावी लागेल. तुम्ही फार बोलता. फेरी एका तासाची ठरली होती, तुम्ही दीड तास घेतलात."

मी मान खाली घालून बरं म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. "कोण फार बोलता? तू?" त्याने मला ते तीन वेळा सांगायला लावलं. संध्याकाळी शेजारचे आले तेव्हा मला बाहेर बोलावून चौथ्यांदा.

दहावीवाल्या बाईचीही चाचणी त्याच दिवशी दुसऱ्या होडीवर झाली. ती एकदाच प्न्यू म्हणाली, पण निभावून नेलं. दोघींची ओळखपत्रं एकदमच आली. माझ्या फोटोत मी घाबरल्यासारखी दिसते.

आता मी नाळेवर बसते. लाज गेली असं नाही. पहिली पाच मिनिटं अजूनही हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. पण झाडं यायला लागली की बोलायला लागते, आणि जाऊ मागून खोकून वेळ झाल्याची खूण करते.

गेल्या रविवारी कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातले आजोबा निवृत्त शिक्षक, तेही इंग्रजीचे. मी मुळांचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, थांबा. जोर पहिल्या तुकड्यावर पाहिजे. न्यूवर."

होडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सर, मला मॅवर शिकवलाय."

"मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय."

"हो सर. पण आमच्या मॅडम हीच झाडं शिकल्यात. मी मॅवरच म्हणणार."

त्यांची बायको खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावला. पुढची सगळी फेरी ते न्यूवर जोर देऊन म्हणत राहिले आणि मी मॅवर. त्यांच्या नातवंडांचे दोन पक्ष पडले. धाकटी नात माझ्या बाजूने होती, बहुतेक माझा जोर जास्त जोरात होता म्हणून. धक्क्यावर येईपर्यंत त्यांच्या मोबाइलला रेंज आली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "दोन्ही दिलेत."

"मग तासभर कशाला भांडलात?" बायको म्हणाली.

"भांडलो कुठे? चर्चा केली."

उतरताना त्यांनी मला विचारलं की पुढच्या महिन्यात त्यांचे जुने शिक्षक मित्र येणार आहेत, तेव्हा नाळेवर मीच असेन ना. मी हो म्हटलं.

"मग त्यांच्यासमोर तेवढा माझा उच्चार घ्या," ते म्हणाले. "शेवटी दोन्ही चालतात."

"तसां नाय जमाचां, सर," मी म्हटलं, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या पुढच्या लोकांना जाकिटं द्यायला लागले.